कार्ड नाही म्हणून बाळाला लस नाकारली, बालहक्क करार इथे चालतो का?

डिचोलीची_वाट:
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय, वाचा प्लीज. आमच्या घरामागे बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथे पत्र्याच्या खोल्यांत विजापूरकडची कामगार कुटुंबं राहतात. त्यातल्या एकीचं बाळ दहा महिन्यांचं झालं, गोवराची लस राहिलीय म्हणून मी तिच्यासोबत सरकारी केंद्रात गेले, तर खिडकीवरच सांगितलं गावचं लसीचं कार्ड आणा नाहीतर बाळाचं आधार आणा. कार्ड गावाला राहिलंय, आधार काढलेलंच नाही. बाईने काही न बोलता बाळाच्या झबल्याची बाही वर सारून डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण दाखवला, बघा म्हणून, आधीची लस दिलीय. समोरच्याने मान वर करून बघितलं पण नाही. येताना कदंब बसमध्ये ती एकच विचारत होती, गावाला जायलाच पाहिजे का, चार दिवसांची रोजी जाईल. मला तेव्हापासून चैन नाही. मुलांच्या हक्कांचा यूएनचा करार आहे ना, त्यात आरोग्याचा हक्क आहे म्हणतात, तो अशा वेळी काही कामाचा आहे का?

म्हापसेकर७२:
वाईट वाटलं वाचून, पण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जाऊन बघा, आपल्याच लोकांना खाट मिळायला किती वणवण. डीडीएसएसवाय ह्या गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या कार्डाला पण गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचं गोव्याने कुठून करायचं? आणि यूएनचा कागद खिडकीवरचा माणूस वाचणार आहे का?

सत्तरीची_लेक:
म्हापसेकर, खाटांचं दुखणं खरंच आहे, पण तो विमा वेगळा आणि लस वेगळी. मी वकिली करते म्हणून सांगते. करार १९८९ चा, भारताने तो ११ डिसेंबर १९९२ ला मान्य केला. कलम २४ मध्ये मुलाला शक्य तितक्या चांगल्या आरोग्याचा आणि उपचारांचा हक्क दिलाय, बालमृत्यू कमी करणं, प्राथमिक आरोग्यसेवा, पोषण, पिण्याचं स्वच्छ पाणी हे सगळं त्यात येतं. पण ह्या बाळासाठी मला कलम २ जास्त महत्त्वाचं वाटतं, आईबाप कोण, कुठले, काय भाषा बोलतात ह्यावरून मुलात भेद करायचा नाही. हक्क बाळाचा आहे हो, आईच्या पिशवीतल्या कागदाचा नाही.

आता करारावर लक्ष ठेवणाऱ्या यूएनच्या जिनिव्हाच्या समितीकडे आपल्याला थेट तक्रार नेता येत नाही, त्यासाठी जो वेगळा जोडकरार (प्रोटोकॉल) आहे त्यात भारत नाही. पण म्हणून करार नुसता कागद राहत नाही, कारण २००५ च्या बालहक्क आयोग कायद्यात बालहक्कांच्या व्याख्येतच हा करार घातलाय. म्हणजे आपल्या राज्याच्या बालहक्क आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार दिली तरी आयोग चौकशी करू शकतो आणि चौकशीत त्याला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. शिवाय सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारायचा नाही.

उपकेंद्रातली_ताई:
बाय, मी १४ वर्षं लस देतेय. कार्ड हरवलं तर नवीन कार्ड बनवायचं, बास, गावाला पाठवायची गरजच नाही. लस फुकट आहे, त्याला गोवेकर असायला लागत नाही. गोवर रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, राहिला तरी ५ वर्षांपर्यंत देतो, पण थांबू नका, दाटीवाटीने राहतात तिथे गोवर एका पोराला झाला की सगळ्या खोल्यांत फिरतो. खिडकीवर न थांबता सरळ एएनएमला (लस देणाऱ्या नर्सताईला) नाहीतर मेडिकल ऑफिसरला भेटा. अ जीवनसत्त्वाचा डोस पण मागून घ्या, तो त्याच दिवशी असतो.

डिचोलीची_वाट:
ताई, वकीलताई, देव बरें करूं. आज परत गेलो, सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये, आधाराच्या निकालाचं सांगितलं. दहा मिनिटांत नवीन कार्ड झालं आणि उजव्या दंडावर सुई दिली. त्या दिवशी परत का पाठवलं ते मात्र कोणी सांगितलं नाही, म्हणून तेवढा अर्ज आयोगाला लिहितेय. साईटवर अजून चार पोरं आहेत कार्ड नसलेली, पुढच्या लसीच्या दिवशी त्यांना घेऊन जाते.