'जे. एस. १७८९' अशी सही असलेलं इवलंसं व्यक्तिचित्र – जॉन स्मार्टच का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या एका छोट्या लिलावात ब्रोच-बटणांच्या खोक्यात एक लंबगोल चित्र मिळालं. हस्तिदंतावर जलरंग, उंची जेमतेम ५ सेंमी. लाल कोट, केसांना पावडर लावलेला लष्करी साहेब. भिंगातून पाहिलं की चेहरा नुसत्या ठिपक्यांचा आणि केसाएवढ्या रेघांचा बनलेला दिसतो. खालच्या कडेला 'जे. एस.', खाली १७८९ आणि त्याखाली एकटाच रोमन 'आय'.

अशी इवली व्यक्तिचित्रं काढणाऱ्या जॉन स्मार्ट या चित्रकाराचं नाव ऐकून आहे. पण तो लंडनचा, मग हा 'आय' कशाचा? शिवाय काचेच्या आतल्या बाजूला चिकट थेंब दिसतात. उघडून पुसू का? आणि दिवाळीला पुण्याला येणार आहे, भावाला दाखवायला सोबत आणलं तर चालेल?

गवाक्ष:
'आय' म्हणजे इंडिया. स्मार्ट १७८५ मध्ये मद्रासला आला आणि १७९५ पर्यंत तिथेच होता. अर्काटचा नवाब मुहम्मद अली आणि ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब हे त्याचे गिऱ्हाईक. त्या काळातल्या चित्रांवर तो वर्षासोबत हा 'आय' घालायचा. त्याच सुमारास ओझायस हम्फ्री हा असाच दुसरा चित्रकारही नशीब काढायला कलकत्त्याला आला होता, पण १७८७ मध्येच परतला.

मात्र हुरळून जाऊ नका. ही खूण जाणकारांना ठाऊक आहे तशी नकला करणाऱ्यांनाही. १९०० च्या आसपास अशा शोभेच्या नकला ढिगाने झाल्या, पियानोच्या पट्ट्यांच्या हस्तिदंताची चौकट आणि वर नामांकित सही. त्याच काळातला चित्रकार रिचर्ड कॉसवे तर सही बहुधा मागच्या कागदावर करायचा, त्यामुळे त्याची सही दर्शनी बाजूला ठसठशीत दिसली की मी आधी शंका घेतो. स्मार्टच्या बाबतीत उलट: पुढे सही आणि वर्ष असणं हीच त्याची रीत. म्हणून सहीपेक्षा चेहरा बघा. डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या त्याने कधी टाळल्या नाहीत, आणि कातडीचं काम इतकं सफाईदार की नुसत्या डोळ्यांना कुंचला फिरल्याचं कळत नाही. नक्कल करणारा नेमका इथे उघडा पडतो.

चष्मेवाली:
काच अजिबात पुसू नका!! त्या काळच्या काही काचांतला क्षार दमट हवेने बाहेर झिरपतो, ते हे थेंब. रंग डिंकात कालवलेले असतात, पाण्याचा थेंब पडला तरी विरघळतात. हस्तिदंताचा काप मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, हवा कोरडी-ओली झाली की वाकतो, तडकतो. काच बदलणं हे संवर्धकाचंच, म्हणजे जुन्या कलावस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाचंच काम. तोवर अंधाऱ्या कपाटात ठेवा, हीटरपासून लांब. उजेडाने गालांची लाली आधी उडते.

पुण्याला मात्र मुळीच आणू नका. हस्तिदंत परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही, शंभर वर्षं जुना असला तरी. भावाला फोटो पाठवा. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यात १९१८ पूर्वीच्या अशा व्यक्तिचित्रांना ३२० चौरस सेंमीपर्यंत सूट आहे, पण विकण्याआधी नोंदणी लागते. लिलाववाल्यांकडे नोंदणी क्रमांक मागा, आजच.

धागाकर्ती:
धन्यवाद! मेल केली त्यांना. मागे काचेखाली वेणीसारखे विणलेले केस आहेत. म्हणजे मूळ चौकट असेल ना?

गवाक्ष:
तसं धरून चालू नका. चौकटी सर्रास बदलल्या जात, आणि केस कुणाचेही असू शकतात. सहीचा आणि डाव्या डोळ्याचा जवळून फोटो टाका. तिरप्या उजेडात घ्या, फ्लॅश नको.