मदत हवी आहे: चिंक्वे तेर्रे चालत करायचंय, मधली वाट बंद आहे, आज रात्री बुकिंग करायचंय!

कृष्णाकाठ_म्युनिक
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीतली समुद्रकाठची पाच गावं: मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कॉर्निल्या, मानारोला, रिओमाजोरे. लेवांतोपासून पोर्तोवेनेरेपर्यंत, मधली ही पाचही गावं घेत, चालत जायचंय. चार रात्री, रोज पुढच्या गावात मुक्काम. खोल्या हेरून ठेवल्यात. आणि काल तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहिलं तर कॉर्निल्या ते मानारोला किनाऱ्याकडची वाट बंद! सगळा आराखडाच कोलमडला. खोल्यांचे पैसे परत न मिळणारे आहेत आणि आज रात्रीच भरायचेत. दुसरी वाट आहे का? किती वेळ लागतो? पाठीवर सामान घेऊन जमेल का? "मधे ट्रेनने जा" हे कृपया सांगू नका, ट्रेन आहे हे मला माहीत आहे.

डोंगरयात्री
महिना कोणता? माणसं किती? सामान म्हणजे किती किलो? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

घाटमाथा
किनाऱ्याची वाट बंद आहे ते एका अर्थी बरंच झालं. कॉर्निल्याहून वर चढून वोलास्त्रामार्गे मानारोलाला उतरा. वोलास्त्रा हे डोंगरातलं लहानसं गाव, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर. तिथे पोचायच्या आधीची वाट थेट द्राक्षमळ्यांच्या बांधावरून जाते. एका हाताला कोरड्या दगडांची, चुना-माती न लावता रचलेली भिंत, दुसऱ्या हाताला वेली आणि खाली सरळ समुद्र. पायवाट इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आलं तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. साधारण अडीच ते तीन तास धरा. ह्या वाटेला उद्यानाचं तिकीटही लागत नाही. तिकीट मोंतेरोस्सो-वेर्नाझ्झा आणि वेर्नाझ्झा-कॉर्निल्या ह्या टप्प्यांना लागतं.

पुणेरी_शाकाहारी
जेवणाचं बघून जा हो. पेस्तोत, म्हणजे तिथल्या बेझिलच्या हिरव्या चटणीत, चीज असतं आणि ते बनवताना बऱ्याचदा दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. लसूणही असतोच. त्यापेक्षा फारिनाता मागा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस. भट्टीत भाजलेलं जाड धिरडंच म्हणा ना. गरम असतानाच खा.

डोंगरयात्री
@पुणेरी_शाकाहारी, पारंपरिक पेस्तोतलं पार्मिजानो चीज रेनेटचंच असतं हे बरोबर. पण धागाकर्त्याने जेवणाचं विचारलेलं नाही. महिना सांगा, महिना!

कृष्णाकाठ_म्युनिक
सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आम्ही चौघं. प्रत्येकाकडे एक पाठपिशवी. @घाटमाथा, खूप आभार, हेच हवं होतं. @पुणेरी_शाकाहारी, आम्ही मासे खातो, काळजी नसावी.

मालवणची_माय
मासे खाता तर मोंतेरोस्सोचे आंचोवी हे छोटे मासे सोडू नका. ताजे, लिंबात मुरवलेले मिळतात. मिठात मुरवलेलेही घरी न्यायला घ्या.

रानवाटा
सप्टेंबरअखेर म्हणजे द्राक्षतोडणीचे दिवस. नशीबवान आहात. उतार इतके उभे आहेत की ट्रॅक्टर चालत नाही, म्हणून डोंगरावर एका रुळावरची छोटी गाडी बसवलेली आहे. तिच्यावरून द्राक्षांचे क्रेट खाली येतात. बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनो ह्या इथल्या जाती. निवडक घड सावलीत वाळवून मग शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. नाशिककडे मंडपावरची नाहीतर तारेवरची, सपाट जमिनीवरची द्राक्षं पाहिलेल्या माणसाला इथली शेती बघून थक्क व्हायला होतं. एक कळकळीची विनंती, बांधाच्या भिंतीवर बसू नका, पाय देऊन चढू नका. एक दगड निसटला तर पुढच्या पावसात बांधच खाली येतो. गावातले तरुण बाहेर गेले, मळे ओस पडले, तिथे दरडी जास्त कोसळतात. २०१८ साली युनेस्कोने ह्या बांधकामकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण भिंती राखायला माणसं लागतात.

सह्याद्री_ते_आल्प्स
माझं स्पष्ट मत: चिंक्वे तेर्रे सोडा. गर्दीने जीव नकोसा होतो. म्युनिकला राहता ना? ऑस्ट्रियातल्या वाखाऊला जा. डॅन्यूबच्या दोन्ही काठांनी १८० किलोमीटरची आखलेली वाट आहे, गावं आहेत, द्राक्षमळे आहेत, ड्युर्नश्टाइनचा किल्ला आहे जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. गर्दी निम्मीसुद्धा नाही.

घाटमाथा
त्यांनी आज रात्री पैसे भरायचेत आणि तुम्ही देश बदलायला सांगताय.

सह्याद्री_ते_आल्प्स
पैसे भरायच्या आधीच सांगायला हवं ना? मी मनापासून सांगतोय. सकाळी दहानंतर वेर्नाझ्झाच्या वाटेवर रांगेत चालावं लागतं.

रानवाटा
मग सातला निघायचं. गर्दी दिवसभरासाठी येणाऱ्यांची असते. मुक्कामी माणसाला सकाळ आणि संध्याकाळ मोकळी मिळते.

डोंगरयात्री
चौघं म्हणजे कोण? वयं काय? पायऱ्यांची सवय आहे का?

कृष्णाकाठ_म्युनिक
मी, बायको आणि माझे आईबाबा. साताऱ्याहून येत आहेत. बाबा ६८, रोज अजिंक्यतारा चढतात. आईचे गुडघे थोडे कुरकुरतात.

डोंगरयात्री
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! अहो, वोलास्त्राची चढण नव्हे, उतरण गुडघे मोडते. मानारोलापर्यंत दगडी पायऱ्याच पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या उंच. मानारोलाहून रिओमाजोरेला जाणारी बेक्कारा ही वाट त्याहून उभी आहे. शेवटचा टप्पा, रिओमाजोरेहून मोंतेनेरो आणि कांपील्या करत पोर्तोवेनेरे, पाच-सहा तासांचा. आईंना तो देऊ नका. आणि रोज मुक्काम हलवत पाठीवर सामान? अजिबात नाही. एकाच गावी खोल्या घ्या आणि रोज तिथून निघा.

घाटमाथा
असहमत. रोज नव्या गावी पोचायचं, ह्यातच चालण्याचा आनंद आहे. एका जागी राहून ट्रेनने ये-जा केली तर ते सहलच झालं. आईंची पिशवी तुम्ही आणि बाबा वाटून घ्या, आई मोकळ्या चालतील.

डोंगरयात्री
गुडघ्याला आनंद कळत नाही, घाटमाथा. शिवाय पाऊस लागला तर? हवामानाचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की उद्यान वाटा बंद करतं. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सोत घरांचे तळमजले गाळाने भरले होते. इशारे गंभीरपणे घ्या. परत न मिळणारे पैसे चार गावांत अडकवणं मला पटत नाही.

मालवणची_माय
ताई-दादा, आईंना बोटीने पाठवा! जवळच्या ला स्पेझिया शहराहून पोर्तोवेनेरे, रिओमाजोरे, मानारोला, वेर्नाझ्झा, मोंतेरोस्सो अशी बोट असते. फक्त कॉर्निल्याला थांबत नाही, ते गाव उंच कड्यावर आहे. स्टेशनपासून वर साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण बसही असते. समुद्र खवळला की बोटी बंद, तेवढं लक्षात ठेवा.

रानवाटा
आणि व्हिया देल्लामोरे ही किनाऱ्याची वाट आईंसाठीच आहे असं समजा. रिओमाजोरे-मानारोला, एक किलोमीटरही नाही, जवळजवळ सपाट. २०१२ च्या दरडीनंतर बंद होती, २०२४ मध्ये पुन्हा उघडली. वेळ आधी आरक्षित करावी लागते, ऐन वेळी जाऊन चालत नाही.

नवखा_ट्रेकर
सँडल चालतील का?

डोंगरयात्री
पट्ट्याच्या चपला घालून ह्या वाटांवर गेलात तर दंड होतो. पकड असलेले बूटच घाला.

कृष्णाकाठ_म्युनिक
आईशी आत्ता फोनवर बोललो. ती म्हणाली, "मला मळ्यातून चालायचंय, बोटीतून बघायचं नाही." मग असं ठरवतोय: चारही रात्री मानारोला. वोलास्त्रापर्यंत आई बसने वर येईल. तिथून कॉर्निल्याच्या दिशेने बांधावरून आम्ही सगळे जमेल तेवढं चालू आणि तिला पुन्हा वोलास्त्राला आणून बसमध्ये बसवू, म्हणजे पायऱ्यांची उतरण टळेल. पोर्तोवेनेरेचा टप्पा मी आणि बाबा करू, त्या दोघी बोटीने येतील. @घाटमाथा, तुमची वाट सोडली नाही, फक्त खोल्या एका गावात आणल्या. चौघांना पुरेल अशी खोली मिळाली आहे, रद्द केली तर पैसेही परत मिळतात.

घाटमाथा
वोलास्त्राहून निघाल्यावर पहिला अर्धा तास बराचसा सपाट आहे, आणि मळेही तिथेच आहेत. आईंना हवं ते मिळेल. काठ्या मात्र घ्या.

कृष्णाकाठ_म्युनिक
घेतो. एकच राहिलं: मानारोला-वोलास्त्रा बस रविवारी किती वाजता सुटते? आमचा तो दिवस रविवार आहे. अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा.

पुणेरी_शाकाहारी
बसचं माहीत नाही, पण वोलास्त्राला जाताना पाणी भरून न्या. मळ्यात सावली नाही.