बियांपासून वाढवलेले लिथॉप्स: चौदाव्या महिन्यात सुरकुत्या पडल्या, पाणी द्यावे का?

रानजाई:
नमस्कार. चौदा महिन्यांपूर्वी मी एका पसरट कुंडीत लिथॉप्सच्या, म्हणजे दगडगोट्यांसारख्या दिसणाऱ्या सक्युलंटच्या, ६० बिया पेरल्या. बी इतके बारीक होते की बोटाला चिकटून सुटत नव्हते, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून वरच्यावर भुरभुरले आणि त्यावर मातीचा थर दिला नाही. आठव्या दिवशी पहिले हिरवे ठिपके दिसले आणि महिनाभरात ४१ रोपे मोजली. कुंडीवरचे झाकण काढायला मात्र मी उशीर केला, त्यामुळे एका आठवड्यात कोपऱ्यातली बरीच रोपे मातीलगत पाणचट होऊन आडवी पडली. आज २३ उरली आहेत आणि त्यांतले सर्वांत मोठे वाटाण्याएवढे आहे.

गेल्या तीन आठवड्यांपासून बहुतेक रोपे कडांनी सुरकुतत चालली आहेत. त्यांच्याकडे पाहिले की हात झारीकडे जातो, आणि पाणी दिले तर उरलेलीही कुजतील या भीतीने मागे येतो. अशा वेळी काय करावे? आणि बियांपासून वाढवलेल्या रोपाला फूल यायला साधारण किती वर्षे लागतात?

कोरडवाहू:
सुरकुती हे एकच लक्षण धरून निर्णय घेऊ नका. आधी भिंग घेऊन रोपाच्या माथ्यावरच्या भेगेत पाहा. लिथॉप्सला एका वेळी पानांची एकच जोडी असते आणि दर वर्षी तिच्या पोटात नवी जोडी तयार होते. जुन्या पानांत साठवलेले पाणी आणि अन्न शोषून घेत नवी जोडी वाढते, आणि शेवटी जुनी पाने कागदासारखी पातळ होऊन तिच्याभोवती पापुद्र्याच्या रूपाने उरतात. भेग रुंदावलेली असेल आणि आत नव्या पानांची चकाकती पाठ दिसत असेल, तर तुमचे रोप तहानलेले नाही. ते कात टाकते आहे. नव्या जोडीची भेग बहुधा जुन्या भेगेला काटकोनात असते, त्यामुळे ती ओळखणे अवघड जात नाही.

या काळात पाणी दिले की जुनी पाने पुन्हा फुगतात, सुकायचे नाव घेत नाहीत, आणि नवी जोडी त्यांच्यात अडकून पडते. म्हणून जुनी पाने पूर्ण वाळेपर्यंत पाणी बंद ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पापुद्रा ओढून काढण्याचा मोहही टाळावा, कारण आतल्या कोवळ्या पानाला जखम झाली तर तिचा डाग वर्षभर दिसत राहतो.

सोटमूळ:
कोरडवाहू यांचे निदान बरोबर आहे, पण चौदा महिन्यांच्या रोपांना पाणी सरसकट बंद करण्याचा सल्ला मला पटत नाही. पाच वर्षांच्या रोपाला जो नियम लावायचा, तो वाटाण्याएवढ्या रोपाला लावता येत नाही. त्याचा साठा तोळामासा असतो, मुळे मातीच्या वरच्या थरातच असतात, आणि पसरट कुंडीतला तो थर सर्वांत आधी वाळतो. तंतुमुळे एकदा मेली की नंतर दिलेले पाणी घेणारे कुणी उरत नाही आणि ते पाणी कुजण्याला निमित्त होते. मी माझ्या पहिल्या पेरणीत पुस्तकी शिस्तीने दोन महिने पाणी तोडले आणि निम्म्याहून अधिक रोपे कुजून नव्हे, तर वाळून गमावली.

तेव्हापासून मी पहिली दोन वर्षे कात टाकण्याच्या काळातही दहा-बारा दिवसांनी कुंडीच्या एका कडेने थोडेसे पाणी सोडतो, इतकेच की त्या बाजूची माती दमट व्हावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी दिसावी. कुंडी भिजवत नाही आणि रोपांच्या माथ्यावर पाणी पडू देत नाही. तिसऱ्या वर्षापासून मात्र मीही कोरडवाहू यांच्याच पद्धतीने पाणी पूर्ण थांबवतो.

फुलांचे विचारलेत. माझ्या अकरा वर्षांपूर्वीच्या पेरणीत पहिले फूल चौथ्या वर्षी आले, बहुतेकांना पाचव्या वर्षी आले, आणि एकाने सातवे वर्ष उजाडेपर्यंत वाट पाहायला लावली. बी एका बोंडातले, माती तीच, ऊन तेच. ते फूल दुपारनंतर उमलले आणि संध्याकाळी मिटले. त्या दिवशी मी दुसरे काहीही केले नाही. तोवर दर वर्षी कात टाकली की पानांच्या माथ्यावरची नक्षी अधिक स्पष्ट होत गेली होती. पहिल्या वर्षी सगळी रोपे सारखीच हिरवट दिसतात. कोणाच्या माथ्यावर जाळी उमटणार आणि कोणाच्या माथ्यावर ठिपके, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उलगडते. आयते मोठे रोप आणणाऱ्याला हे पाहायला मिळत नाही. आज माझ्याकडच्या काही रोपांना दोन आणि एकाला चार डोकी, म्हणजे पानांच्या स्वतंत्र जोड्या, आहेत, आणि प्रत्येक वाढीव डोके कोणत्या वर्षी आले ते वहीत लिहिलेले आहे.

बीजांकुर:
पाण्याबाबत मी सोटमूळ यांच्या बाजूने आहे. दोन गोष्टी जोडतो.

मागे पडलेले रोप टाकून देऊ नका. लिथॉप्सच्या फुलाला सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही. बियांसाठी एकाच वेळी फुललेली दोन वेगळी झाडे लागतात. एकाच डोक्यातून फुटलेली डोकी म्हणजे एकच झाड, त्यामुळे ती चालत नाहीत. २३ भावंडे असतील तर ही अडचण बहुधा येणार नाही. मऊ कुंचल्याने पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेता येतो. बोंड पक्व व्हायला कित्येक महिने लागतात, तोवर ते झाडावरच राहू द्यावे. वाळलेल्या बोंडावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहा: त्याच्या पाच-सहा झडपा ताऱ्यासारख्या उघडतात आणि वाळल्यावर पुन्हा मिटतात. नैसर्गिक अधिवासात पावसाच्या थेंबांचा मारा बसला की बिया त्यातून बाहेर उडतात, म्हणजे ओल असेल तेव्हाच त्या जमिनीवर पडतात.

पुढच्या वेळी बी घेताना गडद निळ्या किंवा जांभळ्यागर्द लिथॉप्सच्या चित्रांना भुलू नका. एका विक्रेत्याकडून तसे बी घेऊन मी एक वर्ष साधे गवत वाढवले आहे. या झाडाचे रंग त्याच्या भोवतालच्या मातीचे आणि खड्यांचे असतात: करडे, तपकिरी, तांबूस, पिवळट, हिरवट. इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम बर्चेल यांनी १८११ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हे झाड उचलले ते एक आगळा दगड समजूनच.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळच्या उन्हात भिंग घेऊन एकेक रोप पाहिले. १७ रोपांच्या भेगेत नवी पाने स्पष्ट दिसली, आणि त्यांतल्या एकाची भेग खरोखरच जुन्या भेगेला आडवी आहे. चार रोपांत अजून काहीच दिसत नाही. ती नुसतीच मऊ पडली आहेत, म्हणून ती तहानलेली असावीत असे मी धरते. उरलेली दोन बुडाशी काचेसारखी पारदर्शक झाली होती. ती चमच्याने भोवतालच्या मातीसकट काढून टाकली. मऊ पडलेली चारही रोपे योगायोगाने खिडकीकडच्या बाजूला आहेत, त्यामुळे त्या कडेने दोन चमचे पाणी सोडले आहे आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख लिहिली आहे.