वरातीत गाडीच्या टपाशेजारचं प्लॅस्टिक मोडलं, घरी जोडता येईल का?

बिनटपाचा_गडी:
राम राम मंडळी. माझ्याकडं एक जुनी सेकंडहँड टू-सीटर कन्व्हर्टिबल आहे, बटण दाबलं की कापडी टप मागं जाऊन झाकणाखाली घडी होऊन बसतो. कंपनी सांगत नाही, नाहीतर इथं दोन पानं त्यावरच भांडण व्हायचं. गाडी भावाच्या मित्राच्या वरातीला दिली, म्हणजे द्यायला लागली, घरातनंच ऑर्डर आली. राजारामपुरीतनं निघालो, नवरदेव सीटवर बसला की फोटोत दिसंना म्हणून पोरांनी त्याला उचलून मागच्या डेकवर बसवला आणि डॉल्बी लागल्यावर गडी बसल्या जागी नाचायला लागला. मोडल्याचा आवाज झाला असणार पण डॉल्बीत काय ऐकू येतंय, घरी येऊन टप लावताना कळलं.

झाकणाच्या शेजारी वीतभर लांबीचा काळा फ्लॅप असतो बघा, टप खाली जाताना आपोआप आत झुकतो, त्याचे दोन्ही कान, म्हणजे ज्यावर तो अडकून झुकतो ती टोकं, तुटलेत. एक अख्खा निघालाय, तो माझ्याकडं आहे. दुसऱ्याचा नुसता भुगा. दोनदा सुपरग्लू लावला, पहिल्यांदा दोन दिवस टिकला, दुसऱ्यांदा टप अर्ध्यात असतानाच सुटला आणि वर पांढरे डाग पडलेत ते वेगळंच. नवा फ्लॅप सुटा मिळत नाही, अख्खा सेट घ्या म्हणतात, त्या पैशात एक बरी जुनी स्कूटर येईल. जूनच्या आत काम व्हायला पाहिजे, नाहीतर हे असलं उघडं घेऊन पावसात कुठं जाऊ?

उद्यमनगर_फिटर:
आधी नवरदेवाचं वजन सांग.

बरं मस्करी जाऊ दे. टप लावून टाक आणि काम होईस्तोवर बटणाला हात लावू नको. प्लॅस्टिकचा तुकडा मधे अडकला तर ती मोटर काय थांबत नाही, कापड नाहीतर सळ्या वाकवून ठेवती, मग हा खर्च परवडला म्हणशील. दुसरं, भुग्यातले तुकडे गोळा करून कान पुरा होतोय का बघ. नसेल होत तर राहिलेला तुकडा आत कुठंतरी हाय.

आणि फ्लॅप काढून उलटा कर, आतल्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं असतात, दोन कंसासारख्या टोकांच्या मधी. ती वाच आणि इथं टाक. प्लॅस्टिक कुठलं ते न बघता गम लावणं म्हणजे पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरण्यासारखं हाय.

पन्हाळा_घाट:
एवढं काय लागत नाही ओ, असली आतली प्लॅस्टिक एबीएसचीच असतात. केमिकलच्या दुकानातनं अॅसिटोन आणा, जुन्या कीबोर्डचं नाहीतर लेगोचं तुकडं त्यात टाकून रात्रभर ठेवा, मधासारखी पेस्ट होते. ती लावली की वरचा थर विरघळून दोन्ही तुकडे एकजीव होतात, गम नाहीच तो, वेल्डिंगच म्हणा. माझ्या बाईकचं साईड पॅनल असंच केलंय, तीन वर्षं झाली. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अॅसिटोन नसतंच.

बिनटपाचा_गडी:
काढला फ्लॅप. अक्षरं 'पीसी', मग अधिकचं चिन्ह, मग 'एबीएस' अशी आहेत. म्हणजे एबीएसच ना? अॅसिटोन आणायला निघालोय.

शाहूपुरी_केमिस्ट्री:
अहो थांबा, निघू नका! कॉलेजात केमिस्ट्री शिकवते म्हणून राहवलं नाही. एबीएसबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे, पण तुमचं नुसतं एबीएस नाही, त्यात पॉलिकार्बोनेट मिसळलेलं आहे. पॉलिकार्बोनेटला अॅसिटोन अजिबात मानवत नाही, विशेषतः जिथं ताण आहे तिथं बारीक बारीक तडे जातात. लावताना मस्त चिकटल्यासारखं वाटेल आणि नंतर कान सांध्यात नाही, सांध्याशेजारी तुटेल. तुमच्या कानावर तर टप हलला की प्रत्येक वेळी ताण येतो.

जुना सुपरग्लू काढायलासुद्धा अॅसिटोन नको, ब्लेडनं खरवडा आणि पॉलिश पेपर मारा. पांढरे डाग म्हणजे त्या ग्लूची वाफ बसलीय, आधी साबणाच्या पाण्यानं पुसून बघा. असला ग्लू कडक होतो, वाकायची सवय नाही त्याला, त्यात टप उघडा ठेवून उन्हात गाडी लावली की काळं प्लॅस्टिक किती तापतं ते हात लावून बघा एकदा. दोन भागांची इपॉक्सी घ्या, म्हणजे दोन ट्यूबमधलं एकत्र कालवून लावायचा गम, आणि ती पाच मिनिटांवाली नको, सावकाश सुकणारी घ्या.

तुमच्याकडं 'पीपी', म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, निघालं असतं तर मात्र ही इपॉक्सीसुद्धा पापुद्र्यासारखी उचलून आली असती, त्याला काहीच धड धरत नाही.

पन्हाळा_घाट:
बरं झालं मॅडम सांगितलं, माझं साईड पॅनल नुसतं एबीएस होतं म्हणून वाचलो म्हणायचं.

गंगावेस_९:
सोल्डरिंग गन तापवा, केबल टाय वितळवून भरा, विषय संपला. नायतर थ्रीडी प्रिंट करून घ्या.

उद्यमनगर_फिटर:
केबल टाय नायलॉनचा असतोय भावा, तो ह्या प्लॅस्टिकशी एकजीव होतच नाही, वर नुसता चिखल थापल्यासारखा बसतो आणि नखानं निघतो. प्रिंट करायचंच तर पीएलए नावाच्या प्रिंटिंगच्या प्लॅस्टिकमधी नको, ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतंय, आपल्या एप्रिलात गाडीतच वितळायचं.

मॅडम म्हणतात ती इपॉक्सीच घे, पण नुसती इपॉक्सी समोरासमोर लावली तर परत तुटणार, सांधा केवढासा असतोय. आत सळई पाहिजे, स्लॅबला घालतो तशी. घरातली जुनी स्टीलची चहाची गाळणी बघ, तिची जाळी कात्रीनं काप, नखाएवढ्या दोन पट्ट्या. डॅशबोर्ड पॉलिश मारत असशील तर आधी साबणानं धुवून काढ, त्यातल्या सिलिकॉनवर काय म्हणजे काय चिकटत नाही. मग १२० नंबरचा पेपर मारून चमक घालव, सांध्याच्या दोन्ही अंगाला एक एक एमएमची चार-पाच भोकं पाड म्हणजे इपॉक्सी भोकातनं पलीकडं जाऊन खिळ्यासारखी धरती. तडा पुढं गेला असला तर त्याच्या टोकाला पण एक भोक, नाहीतर तडा चालतच राहतो.

आता ज्या कानाचा भुगा झालाय त्याचं. चांगला कान हाय तुझ्याकडं, दोन्ही सारखेच हायत का आधी बघ. असतील तर कुंभार गल्लीतनं मूठभर शाडू आण, चांगल्या कानाला पातळ प्लॅस्टिक पिशवी ताणून गुंडाळ आणि शाडूत दाबून ठसा घे. पिशवी ठशातच राहू दे, इपॉक्सी तिला चिकटत नाही. त्यात जाळी ठेवून इपॉक्सी भर, अख्खा दिवस हात लावू नको. जरा जाड झाला तर बरंच, कानशीनं घासता येतं, बारीक झाला तर परत सगळं पहिल्यापासनं.

बसवल्यावर पहिल्यांदा टप घेताना इंजिन चालू ठेव, अर्ध्यात बॅटरी बसली तर टप ना वर ना खाली. आणि एक माणूस बाजूला उभा कर, फ्लॅपकडं बघायला. हात घालायला नाही, बघायला.

बिनटपाचा_गडी:
अपडेट द्यायला बारा दिवस लागले, सॉरी. पहिला ठसा बिघडला, शाडू ओला जास्त झाला आणि काढताना कानाची कडा बसली, दुसऱ्यांदा जमलं. गाळणीवरनं घरात जे ऐकून घेतलंय ते इथं लिहीत नाही, नवीन दोन आणून दिल्यात. कान थोडा जाड झाला होता, कानशीनं घासून घासून बसवला, तरी खाली जाताना जरा घट्टच जातो आणि शेवटी टक् करतो. काल रंकाळ्यावर सहा वेळा टप वर-खाली केला, भेळवाला विचारायला लागला गाडी विकायची आहे का. अजून तरी धरलंय. रंग जवळनं बघितला तर कळतो, पण तेवढ्या जवळनं कोण बघतंय.

उद्यमनगर_फिटर:
आणि राहिलेला तुकडा?

बिनटपाचा_गडी:
तेच सांगायचं राहिलं. भुगा जुळवला तर नखाएवढा तुकडा कमीच पडत होता. टपाच्या खाचेतलं पाणी उतरायला मागं कोपऱ्यात भोक असतं, तिथं टॉर्च मारला तर बरोबर तोंडाशी आडवा बसला होता, वर झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता. पाणी ओतून बघितलं तर थेंब खाली उतरत नव्हता, पहिल्याच पावसात सगळं सीटमागं आलं असतं. चिमट्यानं काढला, अक्षता अजून निघायल्यात.