मायक्रोमीटर कपाटात, पोट्टे बाहेर
सध्या म्हणतात की अभ्यासक्रमात एआय घातलं की पोट्ट्यांना नोकऱ्या लागतील. असेलही बाप्पा. माझं नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. मागे डिप्लोमाचा एक मुलगा आला. मायक्रोमीटरची, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या उपकरणाची, व्याख्या तोंडपाठ, पण हातात दिला तर रॅचेट (दाब ठरावीक ठेवणारी टोकाची छोटी मूठ) सोडून थिंबलच (फिरणारी मोठी नळी) पिळत बसला. रीडिंग दरवेळी वेगळं! चूक त्याची नाही, कॉलेजातला मायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद असायचा म्हणे.

हातानं काम शिकवायला १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहेच की. ३० किंवा जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आम्ही ११ जण, म्हणजे सक्ती नाही. तरी एक घेतो. पहिले तीन महिने तो चांगल्या जॉबपेक्षा (तयार भागांपेक्षा) स्क्रॅपच जास्त काढतो, हे कबूल.