टायर पावडर नुसती '३० मेश' सांगून मागवणं बंद करा राव

रबरवाला_भोसरी
मॅट आणि मडफ्लॅप करतो, छोटं युनिट. आमच्यात जुन्या टायरची पावडर मागवायची म्हणजे एक फोन, "३० मेश, दोन टन टाक", संपलं. मीपण पंधरा वर्षं तेच केलं. गेल्या पावसाळ्यात एका लॉटच्या मॅट प्रेसमधून काढल्या तर पाठीला पुरीसारखे फुगे, आणि पुढच्याच आठवड्यात वायरच्या तुकड्यानं साच्यावर हा एवढा ओरखडा. पावडरवाला म्हणे मेश बरोबर आहे. होतीच की बरोबर! मेश म्हणजे चाळणीला इंचात किती भोकं, ३० म्हणजे साधारण ०.६ मिमी, पण त्यात ओल किती, वायर किती, दोरा किती, जाळल्यावर राख किती, टायर ट्रकचा का कारचा, यातलं तो आकडा काय सांगतो? माझं मत, हे सगळं पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, लिहायचं, प्रत्येक लॉट तपासायचा, नाही बसला तर गाडी परत.

पावडर_सप्लायर
साहेब, भाव करताना भंगाराचा आणि स्पेक विमानाच्या टायरचं! दारातल्या पायपुसण्याला ॲसिटोन एक्स्ट्रॅक्टचा (ॲसिटोनमध्ये विरघळून निघणाऱ्या तेलाबिलाचा) रिपोर्ट कशाला हवाय? आणि माल आमच्याकडून कोरडा निघतो, तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा दिवस पडून ओल धरतो, तो फुगापण माझाच का?

रबरवाला_भोसरी
शेडचं मान्य. वायर शेडमध्ये उगवते का पण?

लॅबवाली_ताई
दर लॉटला लॅब नकोच, उगाच पैसे जातात. गोणीत वरून, मधून, खालून हात घालून नमुना घ्या (वरचा चमचाभर नाही), वजन करा, शंभराच्या वर तापलेल्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, परत वजन, ओल कळली. मग चुंबक फिरवा. बारीक पावडर चाळणीत गोळे धरते तेव्हा थोडी टाल्कम मोजून घाला, ती हिशोबातून वजा करायला विसरू नका. पण दादा, राखेवरून लगेच भेसळ म्हणू नका हं. खडूची पावडर घातली तरी राख वाढते, आणि ती थोडी तर पावडर चिकटू नये म्हणूनच घालतात. हल्लीच्या कारच्या ट्रेडमध्ये (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात) सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची पूड, असते, तीपण जळत नाही. एएसटीएम डी ५६०३ या मानकात अख्ख्या टायरची पावडर आणि ट्रेडची पावडर यांच्या ग्रेड वेगळ्या केल्यात त्या उगाच नाही, पीओवर आधी ते लिहा.

मिक्सिंग_मास्तर
सगळेच पावडर तपासत बसलेत. मिलवर (रबर मळायच्या रोलरवर) पावडर पडली की कंपाउंडमधला (नव्या कच्च्या रबराच्या मिश्रणातला) सल्फर तिच्यात सरकतो, आणि तिच्यातला उरलासुरला ॲक्सिलरेटर (रबर लवकर पक्कं करणारं रसायन) उलटा कंपाउंडमध्ये येतो, म्हणून स्कॉर्च (वेळेआधीच रबर घट्ट व्हायला लागणं) लवकर आणि क्युअर झाल्यावर, म्हणजे तापून पक्कं झाल्यावर, माल मऊ. हे कुठल्या पावडरीच्या रिपोर्टात दिसतं सांगा. शिवाय नायट्रोजननं गोठवून फोडलेल्या दाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, साध्या ग्राइंडिंगचा खडबडीत, मेश दोन्हीची ३०च, पण रबरात पकड वेगळी. नव्या लॉटची एक बॅच रिओमीटरवर (रबर किती वेळात, किती पक्कं होतं ते दाखवणाऱ्या मशीनवर) लावा, शीट काढून ओढून बघा, तेच खरं.

हॅम्बुर्गकर
पायपुसण्यापुरतं ठीक आहे हो, पण यातलेच लोक जिम मॅट आणि हँडलच्या ग्रिप इकडं युरोपात पाठवायला बघतात. अंगाला बराच वेळ किंवा वारंवार लागणाऱ्या रबरात आठ ठरलेले पीएएच (कॅन्सर करू शकणारी रसायनं), प्रत्येकी किलोला १ मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत, खेळण्यांना तर ०.५, डिसेंबर २०१५ पासून. टायरातल्या काळ्या ॲरोमॅटिक तेलातून ते येतात, तुमच्या चुंबकाला आणि चाळणीला दिसणार नाहीत.

पावडर_सप्लायर
मी पायपुसण्यावर बोलतोय आणि तुम्ही पोचलात हॅम्बुर्गला. 😄 बरं, वायर आणि ओल लिहून देतो, ओल आमच्या गेटवर मोजलेली. राख लिहून देणार नाही, टायर कुठला येईल ते माझ्या हातात नाही. आणि गाडी परत पाठवलीत तर भाडं कोणाचं, तेपण त्याच पीओवर लिहा.