संधिवात आहे, बाळाचा विचार करतोय

घणसोलीकर:
रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे. आम्हाला बाळ हवंय पण सासूबाई म्हणतात आधी पूर्ण बरी हो, आणि हा काय पूर्ण बरा होणारा आजार नाही ना. सकाळी बोटं इतकी आखडतात की कुकरचं झाकण लागत नाही, बाळाला कशी उचलणार? कोणी यातून गेलंय का?

पाचपाखाडीची आई:
अगं मेथोट्रेक्सेट चालू असताना अजिबात चान्स घेऊ नकोस, बाळात व्यंग येऊ शकतं. पण मनाने बंदही करू नकोस, रूमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या डॉक्टरांना) सांग, ते औषध बदलतात आणि मग साधारण 1 ते 3 महिने थांबायला सांगतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही संधिवाताची दुसरी गोळी प्रेग्नन्सीत चालते. माझे सांधे पोटुशी असताना बरेच मोकळे होते, खूप जणींचं तसं होतं, डिलिव्हरीनंतर मात्र दुखणं उसळलं, तेव्हाची मदत आत्ताच ठरवून ठेव.

ऐरोलीचा बाबा:
बायकोला हेच आहे. नाडीचे लंगोट तिला बांधता येईनात म्हणून वेल्क्रोवाले आणले, रात्री बाळाला उचलून तिच्याजवळ द्यायचं काम माझं. नवऱ्याला डॉक्टरांकडे सोबत ने, त्यालाही सगळं कळू दे.

घणसोलीकर:
खूप धीर आला. शनिवारी दोघंही जातोय. अंगावर पाजताना गोळ्या चालतात का?

पाचपाखाडीची आई:
हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालते, मेथोट्रेक्सेट नाही. तेही शनिवारीच विचार.